नातं एक, यादी वेगळी: सीमाभागातल्या आदिवासी गोतावळ्याची गोष्ट

खानापूर आणि हल्याळ हे एकमेकांना लागून असलेले तालुके. मधे दाट जंगल आणि त्या जंगलातून जाणारी जिल्ह्याची हद्द. खानापूर बेळगाव जिल्ह्यात, हल्याळ उत्तर कन्नड जिल्ह्यात. समजा, सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातले दोन सख्खे भाऊ या हद्दीच्या दोन बाजूंना राहायला गेले. दोघांच्या मुलांची आजी एक, बोली एक, पूजेतले पूर्वज एक. २००३ साली हल्याळातल्या भावाची मुलं अनुसूचित जमातीत आली, कारण तेव्हा लागू झालेल्या दुरुस्तीत सिद्दींचं नाव ‘उत्तर कन्नड जिल्ह्यातले’ या अटीवर यादीत घातलं गेलं. खानापुरातल्या भावाच्या मुलांना तोच दर्जा मिळायला २०२० उजाडलं. त्या वर्षी संसदेच्या कायद्याने बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचाही समावेश झाला. मधली १७ वर्षं चुलत भावंडांपैकी एकाला शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीतलं आरक्षण मिळू शकत होतं आणि दुसऱ्याला नाही. एवढ्या काळात पहिलीत गेलेलं मूल पदवी घेऊन बाहेर पडतं.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हद्द म्हटलं की १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली तो दिवस, आठवतो आणि भाषेचा प्रश्न आठवतो. ते साहजिकच आहे. पण याच हद्दींनी इथल्या आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांचा गोतावळा कसा चिरला, यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. तेच इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

आधी गोतावळा म्हणजे काय ते पाहू

मराठी घरात नातेवाईक दोन प्रकारचे असतात, हे आपल्याला न शिकवताच कळतं. एक भावकी, दुसरे सोयरे. भावकी म्हणजे बापाच्या बाजूचे, एका कुळातले. त्यांच्याशी सुतक-सोयर असतं, जमिनीची वाटणी असते, आणि म्हणून भांडणंही असतात. सोयरे म्हणजे लग्नाने जोडलेले: मामा, सासुरवाडी, व्याही, लेकीचं घर. सोयऱ्यांशी वाटणीचा संबंध येत नाही, त्यामुळे अडीनडीला माणूस बहुधा सोयऱ्याच्याच दारात जातो. भावकी गावात असते. सोयरे परगावी असतात, बऱ्याचदा दुसऱ्या तालुक्यात, आणि आपल्याकडे दुसऱ्या राज्यातही.

खानापूरच्या डोंगरात राहणाऱ्या धनगर गवळ्यांकडे पाहिलं की या व्यवस्थेचं मोल चांगलं कळतं. हा मराठी बोलणारा समाज म्हशी पाळत सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांतून सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने दक्षिणेला सरकत खानापूर, हल्याळ, यल्लापूरपर्यंत पोहोचला. झोरे, शेळके, कोकरे, येडगे, बोडके अशी त्यांची आडनावं कोल्हापूरच्या डोंगरातही सापडतात आणि इकडेही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम घाटातल्या गवळी धनगरांचा अभ्यास केला, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. माथ्यावर गवळी आणि खोऱ्यात कुणबी, अशी एकाच जंगलाच्या वापराची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. गवळ्याने म्हशी राखायच्या, कुणब्याने खालची शेती करायची आणि दुधातुपाच्या बदल्यात धान्य द्यायचं. माथ्यावरच्या चाऱ्यावर किती म्हशी जगतील याला मर्यादा असते, त्यामुळे गवळीवाडे लहानच राहिले. एका वाड्यात मोजकी घरं, तीही बहुतेक एकमेकांची भावकी. मग सोयरिकीसाठी दुसऱ्या वाड्याकडेच जावं लागतं. अशा तऱ्हेने डोंगरभर विखुरलेले छोटे वाडे लेकीसुनांच्या जाण्यायेण्याने एकत्र बांधलेले राहतात. एखाद्याच्या म्हशी रोगाने गेल्या, तर कुणाची तरी म्हैस अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, दारात येते. आईबाप मजुरीला गोव्याकडे गेले, तर पोरं आजीकडे किंवा मामाकडे राहतात. बँक नाही, विमा नाही, पाळणाघर नाही. ही सगळी कामं नाती करतात.

सिद्दींची कहाणी वेगळी आणि अधिक दुखरी आहे. पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी आणि अरब व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. गोव्यातून निसटलेल्या कित्येकांनी घाटमाथ्याच्या जंगलात आसरा घेतला. गुलामगिरीत पहिला घाव बसतो तो नात्यांवर, कारण विकलेल्या माणसाला आईबाप, भाऊबहीण काही उरत नाही. ज्यांचा गोतावळा असा मुळातून उखडला गेला, त्यांनी इथे येऊन तो नव्याने उभा केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आज सिद्दींत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. तरीही ‘हिरियारू’ म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या पूर्वजांचं पूजन त्यांच्यात टिकून आहे. सिद्दी बाया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात. ती घरातल्या लेकरा-नातवंडांसाठी असते. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नेमणूक झाली आणि या समाजाला पहिला आमदार मिळाला.

आरोग्याशी याचा काय संबंध?

आरोग्य म्हटलं की आपण एकेका माणसाचा विचार करतो. त्याचा ताप, त्याचं वजन, त्याचं रक्त. जगभरच्या आदिवासी समाजांचं म्हणणं असं की एवढ्याने चित्र पुरं होत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी डॉक्टर मेसन ड्युरी यांनी १९८०च्या दशकात हे फार सोपं करून सांगितलं. आरोग्य म्हणजे चार भिंतींचं घर: एक भिंत शरीराची, एक मनाची, एक आत्म्याची आणि चौथी विस्तारित कुटुंबाची. एक भिंत कलली तरी घर धोक्यात. माओरी समाजाने याचा आग्रह धरला, आणि २०१० पासून तिथल्या सरकारने ‘व्हानाउ ओरा’ नावाची योजनाच सुरू केली. तीत मदत एकट्या रुग्णाला देऊन थांबत नाहीत. अख्ख्या गोतावळ्याला बरोबर घेऊन ठरवतात की या घराला आधी काय हवं आहे, दवाखाना, घरभाडं, की मुलांची शाळा.

आपल्याकडे सरकार कुटुंब कसं मोजतं? रेशनकार्डावर. गृहलक्ष्मी योजनेचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात महिना २,००० रुपये मिळतात ते रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या एका स्त्रीला. योजना चांगलीच आहे, कितीतरी बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. पण एका चुलीवर जेवणाऱ्या तीन जावा एकाच कार्डावर असतील, तर पैसे एकीलाच. मग कार्ड वेगळं करण्याचा विचार घरात येणारच. म्हातारी सासू कुणाच्या कार्डावर, हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो.

हाच प्रश्न खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांना फार मोठ्या रकमेसह पडला आहे. जंगलाबाहेर जायला तयार असलेल्यांना सरकार कुटुंबामागे १५ लाख रुपये देऊ करतं. रस्ता नाही, पूल नाही, वीज धड नाही, अशा ठिकाणी राहून थकलेल्या माणसाला बाहेर पडावंसं वाटलं तर त्यात त्याचं चुकलं असं कुणी म्हणू नये. जुलै २०२४ मध्ये तिथल्याच आमगावच्या एका आजारी बाईला भर पावसात गावकऱ्यांनी खांद्यावरून, कित्येक किलोमीटर चालत, गाडीच्या रस्त्यापर्यंत आणलं होतं. नात्यातल्या आणि गावातल्या माणसांनी खांदा दिला याचं कौतुक जरूर करावं, पण तो खांदा रस्त्याची जागा भरून काढू शकत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की १५ लाखांचा हिशोब घरटी होतो आणि वाडा मात्र घरांच्या बेरजेपेक्षा जास्त काही असतो. चार घरं नंदगडकडे, दोन बेळगावला, दोन गोव्याला गेली, की प्रत्येकाच्या हातात पैसा असेल. पण बाळंतिणीजवळ रात्री बसायला कोण आणि म्हाताऱ्याला औषध द्यायला कोण, याची तरतूद त्या रकमेत नसते. सगळ्या वाड्याला एकत्र, एका जागी वसवणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. अभयारण्यातून हलवण्याआधी ग्रामसभेची मोकळी, सगळी माहिती देऊन घेतलेली संमती हवी, असं वन हक्क कायदा सांगतो. एकत्र कुठे आणि कसं राहायचं, ही चर्चा करायची जागाही तीच ग्रामसभा.

नात्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोतावळा जसा सांभाळतो तसा दाबतोही. बाईने कुठे जायचं, कुणाशी लग्न करायचं, हे बऱ्याचदा भावकीच ठरवते. शिवाय मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नांचं प्रमाण कर्नाटकात सगळ्याच समाजांत मोठं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात रक्ताच्या नात्यातल्या लग्नांचं प्रमाण सुमारे ११ टक्के होतं, कर्नाटकात सुमारे २७ टक्के. याचा फायदा खरा आहे: लेक अनोळखी घरात पडत नाही, सासू म्हणजे आत्याच असते. तोटाही खरा आहे. काही आजारांचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार त्यातलाच. दोघेही वाहक, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेले पण स्वतः आजारी नसलेले, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, आणि एकाच आजीआजोबांच्या नातवंडांत दोघेही वाहक असण्याचा धोका वाढतो. १ जुलै २०२३ला देशात आदिवासी भागांसाठी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तपासणी रक्ताच्या थेंबाची असते आणि लग्नाआधी करून घेतली तर सोयरिक मोडायची की नाही हे निदान डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

यादी कशी बनते आणि हद्दीवर कशी थांबते

कोणता समाज अनुसूचित जमात, हे राज्यघटनेच्या ३४२व्या कलमाप्रमाणे ठरतं. राष्ट्रपती यादी जाहीर करतात आणि पुढे तीत नाव घालायचं किंवा काढायचं तर संसदेलाच कायदा करावा लागतो. राज्य सरकार फक्त शिफारस करू शकतं. या कलमातला खरा कळीचा मुद्दा असा की यादी राज्यागणिक असते. कर्नाटकात जमात ठरलेला समाज महाराष्ट्रात जमात असेलच असं नाही.

बेरड समाज हे याचं आपल्या अगदी शेजारचं उदाहरण. गोकाक, हुक्केरी, चिकोडी, अथणीत बेडर, नायक, वाल्मीकी या नावांनी ओळखला जाणारा हा समाज कर्नाटकात अनुसूचित जमातीत आहे. ‘बेडा’, ‘बेडर’, ‘वाल्मीकी’ ही नावं १९९१च्या कायद्याने नायकांच्या नोंदीत जोडली गेली. हद्द ओलांडून गडहिंग्लज किंवा जतकडे गेलात, तर तोच बेरड महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. लंबाणी आणि वडार कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त. सोयरिकी मात्र दोन्हीकडे होत राहतात, देवाच्या जत्रा एकच असतात.

मग लग्न होऊन हद्दीपलीकडे गेलेल्या लेकीचं काय? जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. पण सवलतींचा हक्क राज्याशी बांधलेला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं की एका राज्यात अनुसूचित असलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात स्थलांतर करून गेली, तर तिथे त्याच सवलती मागू शकत नाही. कारण असं दिलं की मागासलेपण त्या त्या प्रदेशातल्या परिस्थितीवरून ठरतं. शेकडो मैलांवर मुंबईला गेलेल्या माणसाबाबत हा युक्तिवाद समजू शकतो. निपाणीतून कागलला दिलेल्या मुलीची परिस्थिती वीस-पंचवीस किलोमीटरवर कशी पालटते, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

राज्याच्या आतली बंधनं तरी १९७६च्या कायद्याने बऱ्याच अंशी काढून टाकली होती. त्याआधी एकाच राज्यात जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी यादी असे. तरीही २००३ मध्ये सिद्दींच्या बाबतीत जिल्ह्याची अट परत आलीच.

घरं फोडण्याचा इतिहास

याद्यांनी नाती तुटतात ती नकळत. मुद्दाम तोडल्याचाही इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याजोगा केला. यादीत नाव आलं की माणूस जन्मतःच संशयित. हुबळी, सोलापूर अशा ठिकाणी काटेरी कुंपणाच्या वसाहती झाल्या. त्या कायद्यात सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून सरकारी शाळांत ठेवण्याचा अधिकार होता. आईबापांची सावली पडली नाही तर मूल सुधारेल, अशी ती समजूत. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. शिक्का पुसायला पुढची कित्येक दशकं गेली. बेळगावजवळच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती यांनी बेरड समाजावरचा तो शिक्का आणि देवदासी प्रथा, या दोन्हींविरुद्ध आयुष्यभर लढा दिला.

कॅनडात हेच झालं. दीड लाखाच्या आसपास आदिवासी मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत डांबली गेली, शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली. ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या मुलं उचलून नेली. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली. त्याच्या आदल्या वर्षी, १३ सप्टेंबर २००७ला, संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी जनांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. मुलांचं संगोपन, शिक्षण आणि कल्याण ही कुटुंबाची आणि समाजाची सामाईक जबाबदारी राखण्याचा हक्क त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केला आहे. ३६वं कलम तर आंतरराष्ट्रीय सीमांनी विभागलेल्या समाजांना पलीकडच्या आपल्या माणसांशी संबंध ठेवण्याचा हक्क देतं. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं. देशातल्या देशात, राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीने विभागलेल्यांसाठी मात्र असं कलम कुठेच नाही.

नातं हाच पुरावा

इतकं सगळं असताना एका कायद्यात नात्याला वजन आहे, तो म्हणजे २००६चा वन हक्क कायदा. जंगलात राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. जमातीत नसलेल्या ‘इतर पारंपरिक वननिवासीं’ना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. म्हणजे थेट १९३० पर्यंत मागे जायचं. सुरुवातीच्या त्या दोन भावांकडे या नजरेने पाहिलं, तर हल्याळच्या भावाला एक तारीख पुरत होती आणि खानापूरच्याला २०२० पर्यंत पाऊण शतक सिद्ध करायचं होतं. खानापूरच्या धनगर गवळ्यांना ते अजूनही करायचं आहे, कारण ते अनुसूचित जमातीत नाहीत. म्हशींमागे फिरणाऱ्या माणसाकडे १९३०चा कागद कुठून येणार?

इथेच कायद्याचे नियम उपयोगी पडतात. १३व्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे, तीत सरकारी कागदांबरोबर आणखी काही गोष्टी चालतात: जुन्या नोंदींतल्या माणसांपर्यंत पोहोचणारी वंशावळ, दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं. त्यातले एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात. हक्क मिळाल्यानंतरच्या तरतुदींतही नात्याची दखल आहे. मिळालेला हक्क वारशाने पुढे जातो पण विकता येत नाही; लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंद होते; सरळ वारस नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडे जातो. फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्कही कायद्यात स्वतंत्रपणे मान्य आहे.

म्हणून वाड्यावाड्यांत तातडीने करण्याजोगं एक काम आहे. १९३० स्वतः पाहिलेली माणसं आता जवळजवळ उरलेली नाहीत, पण त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं आहेत. त्यांच्याकडून वंशावळी लिहून घ्याव्यात: कुठला आजा कुठल्या सालच्या दुष्काळात किंवा साथीत कुठून आला, कुठल्या झऱ्यावर राहिला, कुठे पुरला गेला. बहुतेक वंशावळींत फक्त मुलगेच लिहितात. तसं करू नये. आत्या, बहिणी, लेकी कुठल्या गावी दिल्या हेही लिहावं, कारण जुना कागद कधीकधी सोयऱ्यांच्याच घरी सापडतो, हल्याळात, चंदगडात, नाहीतर आजऱ्यात. शाळेच्या दाखल्यावर मामाचं गाव असतं, एखाद्या जुन्या खटल्यात व्याह्याचं नाव असतं. जबाब लिहून झाला की सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा, तारीख आणि दोन साक्षीदार घ्यावेत, दाव्यासोबत ग्रामसभेच्या वन हक्क समितीकडे द्यावेत आणि पोच मागून घ्यावी. ज्या सिद्दी घरांचा दावा पूर्वी ७५ वर्षांच्या अटीवर अडला असेल, त्यांनी २०२०चा बदललेला दर्जा ग्रामसभेपुढे लेखी मांडावा.